नेम पुढे नेणारी

माउली, बाप थकला की लेक पताका खांद्यावर घेतो, हे आपल्याला नवीन नाही. योहान रोबलिंग हा जर्मन अभियंता १८३१ मध्ये अमेरिकेत स्थायिक झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची आखणी त्याची. जागेची पाहणी करताना पाय चिरडला आणि १८६९ मध्ये धनुर्वाताने तो गेला. मुलगा वॉशिंग्टनने काम उचलले. नदीतळाच्या कामात तोही आजारी पडला. तेव्हा सून एमिली वर्षानुवर्षे त्याच्या सूचना कामावर पोचवत राहिली. १८८३ मध्ये पूल खुला झाला. आज पुलावरच्या पाटीवर सासरा आणि नवरा यांच्यासोबत तिचेही नाव आहे.

आपल्याही घरचा नेम बहुधा सूनबाईच सांभाळते. वारीत आपण अनोळख्याच्याही पाया पडतो. यंदा निघताना घरातल्या या माउलीच्या पाया पडून निघा.