रिकामा रस्ता

शांततेच्या शोधात लोक हिमालयात जातात, कोकणात जातात, निदान महाबळेश्वर तरी गाठतात. मी निगडीला राहतो आणि शांतता शोधायला चाकणच्या बाजूला जातो, असे सांगितले की ऐकणारा माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहतो. त्यातून सायकलवर जातो म्हटले, की ती नजर हळूच आमच्या सौभाग्यवतींकडे वळते. "वहिनी, यांच्याकडे थोडं लक्ष असू द्या," असेच जणू तिला सुचवायचे असते!

त्या बिचाऱ्याचा दोष नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि मग कारखान्याला कारखाना लागत गेला. १९८२ साली आमची महानगरपालिका झाली. या शतकात मोटारींचे मोठमोठे कारखाने चाकणच्या माळावर आले. आज चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी सापडलेल्या माणसाला अर्ध्या तासात गाढ वैराग्य प्राप्त होते. त्यासाठी आळंदीला जाण्याची गरज उरत नाही.

पण मी निवृत्त झाल्यापासून या भागात सायकलने हिंडतो आहे, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. आमच्याकडचा रिकामा रस्ता नकाशात शोधायचा नसतो. तो घड्याळात शोधायचा असतो. कारखान्यांची पाळी भरताना आणि सुटताना जो रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांनी नि कंटेनरांनी गजबजतो, तोच मधल्या वेळात दुपारच्या देवळासारखा निवांत होतो. आणि पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे आमचा गुरुवार. इकडच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. रविवारी सारे पुणे मोटारी घेऊन लोणावळ्याकडे धावते. गुरुवारी सकाळी आडरस्त्यांवर मी आणि तारेवर बसलेले कोतवाल पक्षी एवढेच असतो.

माझ्या वाटा दोन. पहिली पवन मावळातली. गहुंजे मागे टाकले, पवना ओलांडली, की साळुंब्रे, दारुंब्रे, चांदखेड अशी गावे लागतात. चढ बेताचे, उतार त्याहून बेताचे. दिवाळीच्या सुमारास भात पिवळा पडलेला असतो, आणि कापणी चाललेल्या शेतावरून येणारा वास कुठल्याही अत्तराच्या दुकानात मिळणार नाही. हॉलंड-बेल्जियमकडे म्हणे सायकलवाल्यांसाठी आडवाटांच्या नाक्यानाक्यावर आकडे लावलेले असतात. आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि एकापुढून एक गाठत जावे. आमच्याकडे आकडे नाहीत, पण प्रत्येक नाक्यावर एक मारुती, एक पार आणि पारावर बसलेला एक माणूस असतो. त्याला वाट विचारावी. तो आधी आपले गाव विचारतो, मग वय, मग "मुलं गाडी घेऊन देत नाहीत का?" असे हळहळून विचारतो, आणि शेवटी वाट सांगतो. आकड्यांना ही माया कुठून येणार?

दुसरी वाट भामा नदीच्या खोऱ्यातली. देहू, येलवाडी, खालुंब्रे असे कारखान्यांच्या कडेकडेने जावे. तुकोबांच्या चिंतनाची जागा म्हणून प्रसिद्ध असलेला भामचंद्राचा डोंगर सोबतीला येतो. आंबेठाण गेले, की कुंपणांच्या भिंती हळूहळू विरळ होतात आणि कांद्याची रोपे दिसू लागतात. करंजविहिऱ्याच्या पुढे भामा-आसखेडचे पाणी चमकते. त्या धरणाचे पाणी आता पुण्याच्या नळांना येते. ज्यांची शेते त्याखाली गेली ती माणसे मात्र आजही काठाने भेटतात.

या रस्त्यावर एका गुरुवारी माझ्याबरोबर शेजारचा एक तरुण इंजिनियर होता. चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या तो उत्साहाने म्हणाला, "काका, काय सुंदर रस्ता आहे हो! हा असाच अरुंद राहिला पाहिजे."

बाकड्याच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "ऱ्हाईल की. तुमी हप्त्यातून एकदा येनार. आमाला रोज जायाचंय. बाळंतीण अडली, तर तुमच्या सायकलीवर बसवून न्यावी काय?"

टपरीवर हशा पिकला. इंजिनियरही हसला. मग म्हातारबाबा म्हणाले, "ह्या रस्त्यापायी आमी चालत चाकण गाठलंय."

ते खरेच होते. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शरद जोशी आंबेठाणला शेती करायला आले. चाकणचे कांद्याचे आंदोलन सगळ्यांना आठवते. पण १९८० च्या जानेवारीत ते या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना घेऊन वांद्रे गावापासून चाकणपर्यंत पायी निघाले, ते कांद्याच्या भावासाठी नव्हे. ते निघाले होते रस्त्यासाठी! सुमारे ६४ किलोमीटर माणसे चालली, ती एवढेच सांगायला की आम्हांला चालण्याजोगा रस्ता द्या.

मी ज्याला शांत रस्ता म्हणतो त्याच्या डांबराखाली ही पावले आहेत. तेव्हापासून मला वाटते, रस्ता दोन तऱ्हांनी शांत असतो. जिथे कुणाला येताच येत नाही, तिथली एक शांतता. ती गरिबीची शांतता. तिचे कौतुक पाहुण्याने करू नये. दुसरी शांतता अशी, की सगळ्यांना येता येते आणि येणारा बेताने येतो. ती माणसांनी ठरवून आणावी लागते.

आणि ती आणणे काही फार कठीण आहे, असे मला वाटत नाही. गुरुवारी जे आपोआप घडते ते इतर वारी थोडे ठरवून घडवता येईल. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी अवजड गाड्यांना गावच्या रस्त्यांवर मनाई करावी. रस्ता रुंद होईल तेव्हा अवश्य व्हावा, पण त्याच्या दोन्ही कडांना चार-चार फूट जागा पायांसाठी नि सायकलींसाठी पक्की राखावी. माझ्यासारख्या हौशी म्हाताऱ्यासाठी नव्हे. या वाटेवर रोज सकाळी शाळकरी मुली सायकलने जातात. कॅरियरला दप्तर, ओढणीची गाठ कमरेला. मागून कंटेनर आला, की त्या मुकाट्याने खडीत उतरतात, तो गेला की पुन्हा वर येतात. खडीत सायकल घसरली तर काय होईल, हे सांगायला नको.

परवाच्या गुरुवारी चढावर त्यांच्यातलीच एक मला मागे टाकून गेली. जाता जाता म्हणाली, "आजोबा, गियर बदला!" मी बदलला, पण तोवर ती वळणाआड गेली होती, आणि रस्ता तिला पुरेसा मोकळा होता.