आंबट-गोड काळीची गोष्ट

बीअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पिवळीधम्मक, एकदम चिल्ड, सोबत मसाला पापड आणि समोर टीव्हीवर मॅच. आणि फळाची बीअर म्हटलं की? ‘म्हणजे सरबतच ना!’ आमच्या ग्रुपमध्ये तर ती ऑर्डर करणाऱ्याला महिनाभर ऐकून घ्यावं लागतं. मला मात्र हा प्रकार एकदा त्याच्या माहेरी जाऊन प्यायचा होता. म्हणून बेल्जियमच्या ट्रिपमध्ये चॉकलेटच्या दुकानांना अर्धाच दिवस दिला आणि ब्रसेल्सहून आउडेनार्डेची ट्रेन पकडली.

सायकलवाल्यांचं गाव

साधारण तासाभराचा प्रवास. स्खेल्डे नदीकाठचं हे फ्लेमिश गाव एकेकाळी भिंतीवरच्या विणलेल्या चित्रपडद्यांसाठी युरोपभर प्रसिद्ध होतं. चौकात सोळाव्या शतकातला टाउन हॉल आहे, दगडात लेस विणावी इतका नाजूक. ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ ही सायकल शर्यत २०१२ पासून इथेच संपते. त्यामुळे विकेंडला कॅफेत निम्मी गर्दी घट्ट चड्ड्या घातलेल्या, चिखलाने माखलेल्या सायकलवाल्यांची. आणि त्यांच्या हातात ग्लास? चक्क काळपट लाल!

ती असते लीफमान्सची बीअर. या ब्रुअरीचा इतिहास १६७९ पर्यंत मागे जातो. तिचा फंडा आपल्या आज्जीला लगेच कळेल. इथे बीअर उघड्या तांब्याच्या हौदांत आंबते. यीस्टच्या जोडीला दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंदही कामाला लागतात. मग ती महिनोन् महिने मुरत ठेवायची. या आंबूस, तपकिरी बीअरला म्हणतात ‘औड ब्राउन’, म्हणजे जुनी तपकिरी. तिच्यात आंबट चेरी घातल्या की झाली ‘क्रीक’. क्रीक म्हणजे फ्लेमिशमध्ये आंबट चेरीच. लीफमान्सची ‘क्रीक ब्रुट’ चेरींसोबत १८ महिने मुरते. अल्कोहोल ६ टक्के, तेव्हा सरबत म्हणणाऱ्यांनी जरा जपून!

पहिला घोट

चौकातल्या कॅफेत मालकीणबाईंनी कागदात गुंडाळलेली बाटली आणली, साडी उलगडावी तसा कागद उलगडला आणि म्हणाल्या, “हळू प्या. ही तहान भागवायची बीअर नाही.”

रंग जांभळाच्या रसाचा, वर गुलाबीसर फेस. पहिला घोट थेट जिभेच्या कडांवर, आमसुलासारखा आंबट. मग चेरी येते, पण केकवरची गुळमट लाल चेरी नव्हे. बियांमुळे तिला बदामासारखा किंचित वास असतो. शेवटी मागून काकवीची आठवण करून देणारा माल्ट. कडूपणा जवळपास नाहीच. चिंच-गुळाच्या आमटीत दोन्ही चवी एकमेकींना धरून असतात ना, अगदी तसं. सोबत मोहरी लावलेले चीजचे तुकडे आले आणि मसाला पापडाची आठवणही झाली नाही.

सेक्रेटरी ते मास्टर

या चवीमागे एक बाई आहे, रोझा मेर्क्स. १९४६ मध्ये ती लीफमान्समध्ये आली डायरेक्टरची सेक्रेटरी म्हणून. टायपिंग करता करता लक्षात आलं की हिची जीभ भन्नाट आहे. मग बीअर चाखायला तिलाच बोलावणं येऊ लागलं. पुढे १९७२ मध्ये डायरेक्टर गेले आणि कारभार तिच्याकडे आला. बेल्जियमची पहिली स्त्री ब्रूमास्टर म्हणून आज तिचं नाव घेतात. जॉब डिस्क्रिप्शनच्या चौकटीत घुसमटणाऱ्या मंडळींनो, हा ग्लास तिच्या नावाने उचला.

पण सगळं गोड नव्हतं. २००७ च्या अखेरीस लीफमान्सचं दिवाळं निघालं. २००८ मध्ये डुव्हेल मोर्टगाट या बड्या कंपनीने ती विकत घेतली आणि हौद वाचले. आज त्याच नावाने ‘फ्रुइटेस’ही मिळते. बर्फावर ओतायची, हलकी, गोड, स्ट्रॉबेरी-रासबेरीवाली. मी तीही मागवली. छान आहे, उन्हाळ्यात दोन सहज जातील. पण ग्लास संपला आणि चवही संपली. क्रीक मात्र स्टेशनवर पोचेपर्यंत जिभेवर होती.

आता खरा प्रश्न. पटकन आवडणारी गोड बाटली शेजारीच असताना १८ महिने मुरणाऱ्या आंबट बाटलीसाठी कोण थांबेल? दीड वर्ष हौद अडवून ठेवणं कुठल्याही अकाउंट्स डिपार्टमेंटला परवडल्यासारखं वाटत नाही. ते परवडतं, जोवर कुणीतरी ती आंबट बाटली मागतं. तेव्हा आउडेनार्डेला गेलात तर ‘सरबत’ नको, क्रीक मागा.

जाताना
• ब्रसेल्सहून ट्रेन सोयीची. पिणार असाल तर गाडी नकोच.
• ब्रुअरी बघायची तर आधी बुकिंग करा.
• चेरी नको असेल तर ‘गाउडनबांड’ घ्या. तीच काळी, पण ८ टक्के. एकच पुरे!
• टाउन हॉलमधल्या म्युझियममध्ये चित्रपडदे आहेत. ते मात्र पिण्याआधी बघा.