सोडलं, पण सुटलं नाही

आमची सर्व्हिस दर दोन-तीन दिवसांनी मेमरी संपून पडायची. पडायची ती नेमकी रात्री, आणि फोन माझा वाजायचा.

रचना साधी होती. एक मुख्य ॲप, म्हणजे होस्ट, आणि प्रत्येक ग्राहकाच्या रिपोर्टसाठी वेगळं मॉड्यूल. मॉड्यूल बदललं की ॲप चालू ठेवूनच जुनं उतरवायचं, नवं चढवायचं. 2019 मध्ये आलेल्या डॉट नेट कोअर 3.0 पासून ही सोय आहे. मॉड्यूल वेगळ्या असेम्ब्ली लोड कॉन्टेक्स्टमध्ये उघडायचं आणि काम झालं की अनलोड करायचं. आम्ही करत होतो. तरी प्रत्येक अपडेटनंतर मेमरी थोडी चढायची आणि खाली यायचीच नाही.

सगळ्यात नवं मॉड्यूल टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीचं होतं. ते आल्यापासूनच हे सुरू झालं होतं. सकाळच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो, “लीक तुझ्या मॉड्यूलमध्ये आहे.”

“दादा, एकदा होस्टमध्येही बघूया का?”

“होस्ट दोन वर्षं चालतोय.” विषय संपला.

पुढचे चार दिवस तिनं टायमर काढले, इव्हेंट सोडवले, अर्धं मॉड्यूल पुन्हा लिहिलं. मेमरीचा आलेख चढतच राहिला.

शेवटी एका रात्री मी मेमरी डंप घेऊन विनडीबग उघडलं. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कमध्ये ॲपडोमेन जबरदस्तीनं उतरवता यायचं. इथे अनलोड ही नुसती विनंती असते. बाहेरच्या कुणी मॉड्यूलमधला एक टाइप जरी धरून ठेवला, तरी अख्खं मॉड्यूल मेमरीत राहतं. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ नाही. म्हणून आत काय राहिलंय हे शोधून उपयोग नसतो. बाहेरून कोण धरून बसलंय ते शोधावं लागतं.

हीपवर लोडर ॲलोकेटर मोजले. चालू मॉड्यूल चार, ॲलोकेटर एकवीस. त्यातल्या एका जुन्याचा पत्ता जीसीरूट कमांडला दिला. तिनं धरणाऱ्यांची साखळी छापली. सगळ्यात वर होती होस्टमधली एक स्टॅटिक डिक्शनरी. वेग वाढावा म्हणून केलेला कॅश, आणि किल्ली म्हणून मॉड्यूलमधला टाइप.

त्या ओळीवर गिट ब्लेम चालवलं. नाव माझं होतं.

दोन वर्षं हे कळलं नाही, कारण आधीची मॉड्यूल महिन्यातून एकदा बदलायची. तिचं दिवसातून पाच-सहा वेळा बदलत होतं. तिच्या मॉड्यूलनं माझी चूक फक्त लवकर दाखवली.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. डिक्शनरीच्या जागी कंडिशनल वीक टेबल आणलं. ते किल्ली घट्ट धरत नाही. सोबत एक टेस्ट लिहिली: मॉड्यूल चढवा, उतरवा, कॉन्टेक्स्टकडे वीक रेफरन्स ठेवून गार्बेज कलेक्टर काही वेळा चालवा, आणि रेफरन्स अजून जिवंत असेल तर बिल्ड पाडा.

टेस्ट पास झाली, तरी झोप आली नाही. सकाळी त्याच मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, सांगितलं. “लीक होस्टमध्ये होता. तो कोड माझा. तू विचारलंस तेव्हा मी बघायला हवं होतं. सॉरी.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मग माझा आधीचा कोड परत आणू का, दादा? तो वाचायला सोपा होता.”

“आण,” मी म्हणालो.