श्रावणाचा तिसरा दिवस

नांदेडमध्ये व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला पंचांग जवळ ठेवावं लागतं. आखाड संपून श्रावण लागला, की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री फोन सुरू होतात. वाक्यही जवळपास ठरलेलं: "डॉक्टर, परवापासून थेंब घेतला नाही, आन् आज असं काय करायलेत?" 'असं' म्हणजे हात थरथरतात, अंग घामानं भिजतं, डोळ्याला डोळा लागत नाही. माणूस चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचतो, भिंतीवर साप दाखवतो, बायकोला ओळखत नाही. घरात कुणी म्हणतं अंगात आलं, कुणी म्हणतं करणी केली. लिंबू-अंगाऱ्यात एक रात्र जाते आणि नेमकी तीच रात्र धोक्याची असते.

वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला पुरून उरण्यासाठी सतत जास्तीचा जागा राहायला शिकलेला असतो. दारू एकदम काढली की ही जाग मोकाट सुटते. काही तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत कधीही फिट आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान हा भ्रम. आम्ही त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणसं दगावतात. उपचार काही मुंबई-पुण्याचे नाहीत. डायझेपामच्या जातीच्या गोळ्या उतरत्या मात्रेत आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. थायमिन ग्लुकोजच्या सलाईनआधी द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे मात्र "अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा" हा आग्रह पेशंटच्या आधी नातेवाइकांचाच.

म्हणून श्रावणावर माझा राग आहे असं समजू नका. रमजान, नवरात्र, वारी, गळ्यातली माळ यांच्या धाकानं किंवा प्रेमानं जितकी माणसं बाटली खाली ठेवतात, तितकी माझ्या चिठ्ठीनं ठेवत नाहीत. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या ३७ जणांपर्यंत लातूर-नांदेडच्या खेड्यांत कोण पोचतं? सप्ताहाचे बुवा पोचतात, मशिदीतले मौलाना पोचतात. त्यांच्या शब्दाला वजन आहे, म्हणूनच तो शब्द नेमका काय असावा याची मला काळजी वाटते.

आज तो शब्द बहुधा एवढाच असतो: सोड. कीर्तनात हात वर करून शपथ होते, दुसऱ्या दिवशी माळ. बहुतेकांचं त्यावर निभावतंही, कारण बहुतेक पिणारे अजून अवलंबून झालेले नसतात. पण ज्याचे हात सकाळी उठल्याबरोबर कापतात आणि नव्वदी पोटात गेल्यावरच थांबतात, त्याच्याकडून एकदम शपथ घेणं म्हणजे त्याला फिटच्या तोंडी देणं. या माणसाला बुवांनी दोन वाक्यं जास्तीची सांगायला हवीत: आधी दवाखान्यात जा, मग माळ घाल, आणि ते जमेपर्यंत एकदम तोडू नकोस.

दुसरी अडचण शपथ मोडल्यानंतरची. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. माळकरी माणूस घसरला की तो आधी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवतो, मग बुवांची वाट चुकवतो आणि शेवटी माझ्याकडे यायचंही बंद करतो. लाज त्याला दोन्हीकडून तोडते. बायको मग कुठून तरी चहात-भाजीत कालवायची पुडी आणते. अशा पुड्यांत काय असतं हे विकणाराही सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध न कळवता दिलं आणि त्यावर दारू गेली, तर छाती धडधडून रक्तदाब कोसळू शकतो.

गाडगेबाबांच्या वडिलांचा अंत दारूनं झाला होता. बाबांनी उभ्या आयुष्यात दारूवर जितके कोरडे ओढले तितके क्वचितच कुणी ओढले असतील. पण मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता त्यांनी पंगतीत गोडाधोडाचं वाढलं, ही गोष्ट मला त्यांच्या कोरड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. पंगत मोडली नाही, कुणाला उठवलं नाही. पुढे त्यांनी मुंबईत रुग्ण आणि त्यांच्या सोबत्यांसाठी धर्मशाळा उभारली. आजचे कीर्तनकार बाबांचे कोरडे तेवढे उचलतात.

याच महाराष्ट्रात दुसरं उदाहरण आहे आणि ते एका पाद्र्याचं आहे. फादर जो परेरा स्वतः दारूच्या विळख्यातून बाहेर आलेले. १९८१ मध्ये त्यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, म्हणून उपचारात योगासनं आली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एड्सच्या भीतीनं भलेभले हात लावायला तयार नव्हते, तेव्हा कृपा त्या रुग्णांच्याही बाजूला उभी राहिली. पुढे ईशान्येत, जिथे सुईनं नशा करणाऱ्यांत एचआयव्ही पसरला होता, तिथे ती कामाला गेली. चर्चच्या शिकवणीत नशा हे पापच आहे. तरीही, अजून न सुटलेल्या माणसाला आत घ्यायला या पाद्र्याला धर्म आड आला नाही.

जगात हे सगळीकडे सरळ झालं असं नाही. सिडनीत १९९९ मध्ये रेव्हरंड रे रिचमंड यांनी आपल्या वेसाइड चॅपलमध्ये कायदा मोडून एक खोली उघडली: सुईनं नशा करणार असशीलच तर इथे कर, बाहेर गल्लीत एकटा मरू नकोस. सरकारनं रीतसर केंद्र काढायचं ठरवलं तेव्हा ते चालवायला आधी कॅथलिक धर्मभगिनींचा संघ पुढे आला. व्हॅटिकननं त्यांना माघार घ्यायला लावली. मग युनायटिंग चर्चनं ते अंगावर घेतलं आणि मे २००१ मध्ये केंद्र उघडलं. एकाच येशूची दोन चर्च, दोन उत्तरं. क्वालालंपूरच्या अर-रहमान मशिदीत २०१० पासून अफूच्या व्यसनींना मेथाडोन हे पर्यायी औषध देण्याचा कार्यक्रम विद्यापीठाच्या डॉक्टरांनी आणि मशिदीनं मिळून चालवला. इस्लाममध्ये नशा हराम आहे हे तिथल्या इमामांना आपण सांगायला नको.

आपल्याकडे सुया आणि हेरॉइन तुलनेनं कमी. आपला प्रश्न देशीचा, शिंदीचा, गुटख्याचा आणि आता एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडची शिंदी म्हणजे झाडाची शिंदी उरलेली नाही. तिच्यात क्लोरल हायड्रेट, ज्याला तिकडे सीएच पावडर म्हणतात, किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड घातलेली असते. माणसाला वाटतं आपण शिंदी पितो. शरीर मात्र झोपेच्या औषधाला चटावलेलं असतं. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणा सरकारनं अशा शिंदीवर धाडी घातल्या. पुरवठा तुटला आणि निजामाबाद-महबूबनगरकडून माणसं झटके देत, बडबडत दवाखान्यांत येऊ लागली, काही दगावलीही. सीमेपलीकडची ही गोष्ट आपल्या बाजूच्या बंदीवाल्यांनी वाचलेली दिसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसं मेली, तेही आपण विसरलो. मी बंदीच्या विरोधात नाही. गावातल्या बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की मला आनंदच होतो. फक्त दुकान ज्या दिवशी बंद होणार, त्या दिवसापासून पंधरा दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या आणि थायमिन तयार ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला पंजाबातून येणाऱ्यांत एखादा तरुण असा निघतो की त्याच्या खिशात जिभेखाली ठेवायच्या बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या असतात. २०१७ पासून पंजाब सरकारनं या गोळ्या देण्यासाठी खास ओपीडी उघडल्या आहेत. मुक्काम लांबला, गोळ्या संपल्या की तो अंग मोडून पडतो. सोबतचे चाचाजी हळूच विचारतात, "डॉक्टरसाब, ये भी तो नशा ही है ना?" मी त्यांना सांगतो की या गोळीवर मुलगा कामाला जातो, चोरी करत नाही, सुई टोचून घेत नाही. चाचाजींना ते पटतं, कारण चिट्ट्यानं, म्हणजे हेरॉइननं, गेलेली पोरं त्यांनी गावात पाहिलेली असतात. आपल्या लोकांना पटायला वेळ लागतो.

त्यात आता पोलिसांची भीती आली. तुळजापूरच्या ड्रग्ज प्रकरणात २०२५ मध्ये काही पुजाऱ्यांचीही नावं आरोपींत आली आणि लोकांनी 'देवाच्या दारात' म्हणून तोंडात बोटं घातली. त्याच वर्षी लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात एमडी बनवण्याचा कारखाना सापडला. विकणाऱ्याला सोडा, असं कुणीच म्हणत नाही. पण १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातच ६४-अ हे कलम आहे: नशा केल्याचा किंवा जवळ अल्प मात्रा बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. हे कलम मी मौलानांना वाचून दाखवलं, बुवांना दाखवलं, एका वकिलालाही दाखवलं. वकिलांनी ते दोनदा वाचलं. नशामुक्त भारत अभियानात केंद्र सरकारनं ब्रह्माकुमारी, गायत्री परिवार, निरंकारी मिशन अशा संस्थांशी करार केले, शपथा भरपूर झाल्या. प्रत्येक शपथेनंतर हे एक कलम मोठ्यानं वाचलं, तर चोरून बसलेली चार पोरं उठून पुढे येतील, असं मला वाटतं.

औसा तालुक्यातल्या एका सप्ताहात बुवांनी मला कीर्तनाआधी दहा मिनिटं दिली. मी हातांच्या थरथरीचं, फिटचं, तिसऱ्या दिवसाचं सांगितलं. बायकांच्या बाजूनं एक आजी उठल्या. "म्हंजे माज्या पोरानं एकादशीलाबी प्यावी म्हणता का?" मंडपात हशा झाला. मी म्हणालो, "प्यावी म्हणत नाही, मावशी. सकाळी हात कापत असतील तर आधी माझ्याकडं आणा. आणि आणीपर्यंत घरात कोंडून ठेवू नका." आजी बसल्या नाहीत. "आन् परत प्याला तर?" याचं उत्तर मी देणार, तोच बुवांनी माइक ओढून घेतला. "परत प्याला तर परत न्यायचा," ते म्हणाले, "आन् माळ माझ्याकडं आणून द्यायची, देव्हाऱ्यात नाही ठेवायची. मी पुन्हा घालीन." मग त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या ओपीडीचा वार मला विचारला आणि तो दोनदा सांगितला.