पिकअपचे नाक वर करण्याआधी

लखनौच्या लालबागेत गाड्यांच्या सुट्या आणि शोभेच्या सामानाची दुकाने दाटीने उभी आहेत. तिथे येणाऱ्या पिकअपमालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. गाडी पुढून खाली आणि मागून वर दिसते. ती सरळ दिसावी म्हणून पुढे स्पेसर घालावा, की उंची बदलता येणारे भारी शॉकअप बसवावेत? सस्पेन्शन हा माझ्या कामाचा विषय असल्याने हा प्रश्न माझ्यापर्यंतही येतो. त्यावर मी आधी एक उलट प्रश्न विचारतो: गाडी समतल हवी आहे ती रिकामी असताना, की भरलेली असताना? याचे उत्तर मिळाल्याशिवाय स्पेसर आणि शॉकअप यांत निवड करता येत नाही. आणि उत्तर प्रामाणिकपणे दिले, तर बऱ्याच मालकांना या दोन्हींवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पिकअप मागून उंच असते ती कारखान्यातल्या चुकीमुळे नव्हे. इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या भारतात मिळणाऱ्या दोन गाड्या घेतल्या, तर दोन्हींच्या पुढच्या चाकांना डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे, मागे पाटे आहेत. पुढच्या चाकांवर इंजिनाचे वजन कायम असते आणि ते फारसे बदलत नाही. मागच्या चाकांवरचे वजन मात्र हौदात काय आहे त्यावर अवलंबून असते, आणि ते काही किलोंपासून कित्येक क्विंटलांपर्यंत बदलते. महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या एका प्रकाराच्या नावातच 1.7 टन हा आकडा आहे. एवढे ओझे घेऊनही हौद टायरवर टेकू नये म्हणून मागचे पाटे ताठ ठेवावे लागतात आणि रिकामी असताना गाडी मागून वर राहते. जून-जुलैत मलिहाबादहून दशहरी आंब्याच्या पेट्या भरून हरदोई रोडने दुबग्गाच्या मंडीकडे येणाऱ्या पिकअप पाहाव्यात. रिकामी जाताना नाक खाली असलेली तीच गाडी पेट्या चढल्यावर जवळपास सपाट बसते, आणि जास्तच भरली असेल तर नाक वर करते. पुढची ती खाली दिसणारी उंची म्हणजे येणाऱ्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ती आधीच खर्च केली, की ओझे आल्यावर गाडीजवळ काही शिल्लक राहत नाही.

हे शिल्लक न राहणे सर्वांत आधी जाणवते ते समोरून येणाऱ्याला, हेडलाइटमधून. या गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर साधारण 3.1 मीटर आहे. पुढची बाजू 50 मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच उचलली, तर गाडीचा कल 1.6 टक्क्यांनी बदलतो. डिपरचा झोत साधारणतः एक टक्का खाली झुकवलेला असतो. दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर. म्हणजे दोन इंचांच्या उचलीने हा सगळा झुकाव संपतो आणि झोत उलट वर जातो. 25 मीटरवर तो पूर्वीपेक्षा 40 सेंटिमीटर उंच पडतो, तेही दिवाच वर गेल्याने वाढलेली उंची न धरता. यावर दुकानदार म्हणतो की स्क्रू फिरवून हेडलाइट खाली करता येतो. येतो खरा. पण तो रिकाम्या गाडीला जुळवलेला असतो. समजा, ओझ्याने मागची बाजू 75 मिलिमीटर बसली, तर झोत पुन्हा सुमारे 2.4 टक्के वर जातो. गाडीत हेडलाइटची उंची बदलणारे चाक असते, पण रात्री मंडीतून निघताना किती चालक त्याला हात लावतात? लखनौ-आग्रा एक्सप्रेसवेला मधे दुभाजक तरी आहे. हरदोई किंवा सीतापूरकडच्या गावांना जोडणाऱ्या एकपदरी रस्त्यांवर समोरचा मोटरसायकलवाला या झोतापुढे काही क्षण आंधळा होतो. त्याचा जीव गाडीच्या दिसण्यापुढे गौण ठरवणे मला मान्य नाही.

आता स्पेसर नेमके काय करतो ते पाहू, कारण या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडणीच्या वर, चासीच्या माउंटिंगखाली बसणारी धातूची किंवा कडक प्लास्टिकची चकती. पुढचा शॉकअप खालच्या विशबोनच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे चकती एक इंचाची असली तर चाकाजवळ उंची सुमारे दोन इंच वाढते. यात स्प्रिंगचा ताण बदलत नाही, आणि म्हणूनच 'गाडीची चाल आहे तशीच राहते' असे सांगून ती विकली जाते. सपाट रस्त्यावर हे बऱ्याच अंशी खरे आहे. अडचण चाकाच्या वर-खाली हालचालीच्या दोन टोकांना येते. चाक खड्ड्यात लोंबकळते तेव्हा विशबोन मूळ मर्यादेच्या खाली जाते, बॉल जॉइंट आणि पुढच्या ॲक्सलच्या सांध्यांचा कोन वाढतो, रबरी बूट घासून फाटण्याची शक्यता वाढते. चाक पूर्ण वर दाबले जाते तेव्हा उलट घडते. शॉकअपला मिळणारी जागा चकतीच्या जाडीएवढी कमी झालेली असते, म्हणून चासीवरचा रबरी ठोकळा टेकण्याआधीच शॉकअप आतून तळाला आदळू शकतो. दुसरा प्रकार स्प्रिंगच्या वर, शॉकअपच्या जोडणीच्या आत बसतो आणि स्प्रिंग आधीच दाबून ठेवतो. शॉकअपची लांबी तीच राहते, पण चाक आता त्याच्या खालच्या टोकाजवळ उभे असते. समजा, मुळात 80 मिलिमीटर खाली जायला वाव होता. त्यातले 50 उंचीतच गेले, उरले 30. स्पीडब्रेकर ओलांडून चाक खाली उतरताना जो ठक आवाज येतो, तो शॉकअप ताणाच्या टोकाला जाऊन थडकल्याचा असतो. तिसरी वस्तू स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये कोंबायचे रबर. भारतातल्या जवळपास प्रत्येक शहरात ते सर्रास मिळते आणि मला ते सर्वांत कमी पसंत आहे. त्या जागची वेटोळी हालेनाशी होतात, उरलेल्यांवर जास्त काम पडते, आणि स्प्रिंग जशी दाबली जावी म्हणून बनवली आहे तशी दाबली जात नाही.

उंची बदलता येणाऱ्या शॉकअपमध्ये बाहेरच्या नळीवर खाचा असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक त्यांतल्या एका खाचेत अडकवून वर घेता येते. जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीचे 5100 मालिकेचे शॉकअप यासाठी जगभर वापरले जातात. इथे सर्वांत बळकट आक्षेप असा, की बैठक वर घेणे म्हणजेही स्प्रिंग आधीच दाबणे; मग दुसऱ्या प्रकारच्या स्पेसरपेक्षा यात वेगळे काय? आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्प्रिंग तीच, तिचा ताठपणा तोच, पूर्वदाबही तितकाच. फरक शॉकअपच्या शरीरात आहे. त्याची ताणलेली लांबी वाढीव उंची धरून ठरवलेली असते, त्यामुळे चाकाला खाली जायला वाव पुष्कळसा परत मिळतो. आणि आतल्या झडपा त्या उंचीवरच्या कामासाठी बसवलेल्या असतात. स्प्रिंग गाडी पेलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. ती ऊर्जा उष्णतेत बदलून संपवते ते शॉकअपमधले तेल. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि वायू जवळजवळ राहतात, आणि दीर्घकाळ हादरत राहिले तर तेलात फेस होऊन रोध कमी पडतो. एकाच नळीत तरत्या पिस्टनने तेल आणि दाबाखालचा वायू वेगळे ठेवण्याच्या रचनेवर फ्रान्सच्या द कार्बाँ यांनी काम केले आणि 1950च्या दशकात बिलस्टाइनने ती उत्पादनात आणली. लखनौहून गाझीपूरपर्यंतचा सुमारे 341 किलोमीटरचा पूर्वांचल एक्सप्रेसवे वेगाने पार करताना, किंवा त्यावरून उतरून उखडलेल्या गावरस्त्यावर तासभर हादरताना, या फरकाला मोल आहे. स्पेसर उंची देतो पण रोध देत नाही. चांगला शॉकअप दोन्ही देतो. म्हणून नाक उचलायचेच असेल तर मी शॉकअपच्या बाजूने आहे, आणि तेही दीड इंचाच्या आत. त्यापुढे कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो, स्टिअरिंग आपणहून सरळ येण्याचा गुण मंदावतो आणि वरचे विशबोनही बदलावे लागण्याची वेळ येते. अलाइनमेंट तर कोणत्याही उचलीनंतर केलीच पाहिजे, स्पेसर असो की शॉकअप.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानत नाही. शॉकअपच्या संचाला स्पेसरच्या कित्येक पट पैसे पडतात, आणि पिकअप हे बहुतेकांचे पोटापाण्याचे साधन आहे. पण ज्याला पैसा मोजून खर्चायचा आहे, त्याने आपली तक्रार नेमकी काय आहे ते आधी तपासावे. 'गाडी तिरकी आहे' असे म्हणणाऱ्या अनेकांना खरा त्रास असतो तो रिकाम्या गाडीची मागची बाजू उडण्याचा. ताठ पाट्यांवर वजन नसते, मागचे शॉकअप गळून गेलेले असतात, आणि रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर हौद उसळतो. याचा पुढच्या उंचीशी काही संबंध नाही. मागे दोन चांगले शॉकअप बसवले की त्रास बराच कमी होतो, आणि त्यासाठी परदेशी मालाची गरज नाही. 1961 साली मुंबईच्या मुलुंडमध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएलसारख्या कंपन्या आपल्याकडे हे काम दशकानुदशके करत आल्या आहेत. जमिनीपासूनच्या उंचीचा युक्तिवादही लखनौसारख्या सपाट गंगेच्या खोऱ्यात फारसा टिकत नाही. पिकअपमध्ये जमिनीला सर्वांत जवळ बहुधा मागचा डिफरन्शियल असतो, आणि पुढचे नाक उचलल्याने तो तसूभरही वर जात नाही.

एक स्वस्त उपाय मात्र मी कोणालाच सुचवणार नाही: मागचा एखादा पाटा काढून गाडी मागून खाली आणणे. अनेक मालवाहू पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ ओझे ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सल यांतले अंतर कमी झाले की गाडी भरली आहे असे तो समजतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटा काढल्यावर रिकाम्या गाडीतही तो हेच करतो. ओल्या रस्त्यावर मागची चाके आवळली जाऊन गाडी आडवी होऊ शकते. जास्त माल भरण्यासाठी पाटे वाढवले, तर हाच व्हॉल्व्ह उलट फसतो आणि भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा मिळतो.

कायद्याची बाजूही डोळ्यांआड करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी 5000 रुपये दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा चांगला शॉकअप घालणे ही देखभाल आहे. गाडीची उंची बदलणे हे तसे नाही, मग ते कोणत्याही साधनाने केलेले असो. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात यावर बोट ठेवले जाऊ शकते. नाक खाली गेले ते लोखंडी बुलगार्डच्या वजनाने असेल, तर उत्तर सरळ आहे. अशा गार्डांविरुद्ध कारवाई करा, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे. ते काढून टाकावे.

म्हणून लखनौ असो की लातूर, पिकअप बाळगणाऱ्यांना माझे सांगणे असे. सामान घेण्याआधी एक टेप घ्या. सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा भरून, चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा. मग नेहमीचे ओझे भरून पुन्हा मोजा. भरल्यावर गाडी समतल येत असेल तर पुढे काहीही बसवू नका. हौद बहुतेक वेळ रिकामाच राहत असेल आणि उचल हवीच असेल, तर परिवहन कार्यालयात विचारून घ्या, दीड इंचाच्या आत राहा, शॉकअप निवडा, अलाइनमेंट करा आणि हेडलाइट भरलेल्या गाडीवर जुळवून घ्या. एवढे करण्याची तयारी नसेल तर गाडी कंपनीने दिली तशीच ठेवावी. स्पेसर घेऊ नये.