तेलाचा ब्रेक

आमच्या गोव्यात सायकल म्हटली की आधी आठवतो तो पदेर. मागे पावांची टोपली, हँडलला रबरी भोंगा आणि लोखंडी सळयांनी ओढले जाणारे रबरी ब्रेक. सरकारी कचेरीत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्या बी.ए.वाल्याचे यंत्रज्ञान त्यापलीकडे फारसे गेले नव्हते.

गेल्या दिवाळीत सुरतेला बहिणीकडे गेलो. ती उधन्याला राहते. सुरत म्हणताच आपल्याला १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. पण उधना, लिंबायत या भागांत पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे भरपूर. भाजी घेताना कानावर अहिराणी पडते आणि परक्या गावात असल्याचे विसरायला होते.

भाच्याची सायकल पुण्याहून चाके काढून खोक्यात भरून आली होती. वाटेत कुणाच्या तरी हातून ब्रेकची मूठ दाबली गेलेली. चाक बसवायला गेलो तर डिस्क आत शिरेना.

भाच्याने कारण समजावले. या ब्रेकला तार नसते. नळीत तेल असते. मूठ दाबली की तेल दोन पिस्टन पुढे ढकलते आणि पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी धरतात. मध्ये डिस्कच नसेल तर पॅड जागा सोडून एकमेकांजवळ येतात. टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आम्ही ते हळूहळू मागे सारले. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घ्यायचा नाही, पॅडवर ओरखडे पडतात. डिस्कला तेलकट बोट लावायचे नाही, पकड जाते.

मग सायकल जमिनीवर उभी करून चाक खाचेत पुरते बसवले आणि आस घट्ट केला. फिरवून पाहिले तर एका बाजूला खसखस. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल केले, मूठ दाबून धरली, म्हणजे कॅलिपर आपोआप डिस्कच्या मधोमध येतो. तशीच धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. मागे पांढरा कागद धरला तेव्हा दोन्हीकडे केसाएवढी फट दिसली. ज्या शहरात हिऱ्याचे पैलू पाडतात, तिथे ही फट म्हणजे काहीच नाही म्हणा!

मुलगा या सायकलवरून सचिनच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाणार. रस्ता ट्रकांचा. बहीण इतका वेळ दारात उभी होती. तिने एवढेच विचारले, "दादा, थांबते ना रे नीट?"

कचेरीत कागद पुढे सरकवला की शेवटची सही साहेबांची असते. इथे साहेब कुणी नव्हता. मी मूठ पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. ती मऊ लागली असती तर नळीत हवा आहे असे समजून सायकल दुकानातच न्यावी लागली असती. टणक लागली. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, आधी सावकाश, मग जरा वेगात, आणि मगच तिला म्हटले, "थांबते गो."