चाललेली पावलं, मोजलेली पावलं

माणसाच्या हालचालीची दखल घेणारं घड्याळ ही या शतकाची नवलाई नाही. आमच्या लहानपणी एचएमटीची ऑटोमॅटिक घड्याळं होती. त्यातलं ‘कांचन’ लग्नात जावयाच्या हाती बांधलं गेलं की मांडवभर चर्चा व्हायची. साध्या ‘जनता’ला रोज सकाळी चावी द्यावी लागे, ऑटोमॅटिकला ती गरज नसे. आत एक अर्धगोल वजन असे. हात हलला की ते फिरायचं आणि स्प्रिंग गुंडाळली जायची. घरातला कर्ता माणूस तापाने दोन-तीन दिवस अंथरुणाला खिळला, तर उशाशी ठेवलेलं त्याचं घड्याळही बंद पडे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या अब्राहम-लुई पेर्लेने अशी स्वतःच चावी घेणारी घड्याळं केली आणि पुढे त्याच विचारातून पावलं मोजणारं यंत्रही घडवलं, असं घड्याळांचा इतिहास लिहिणारे सांगतात.

ते घड्याळ तुमची हालचाल घ्यायचं आणि तुम्हाला वेळ द्यायचं. आजचं घड्याळ हालचाल घेतं आणि तिचाच हिशेब तुमच्यापुढे मांडतं: पावलं, ठोके, कॅलरी, किलोमीटर, चढ. सगळे आकडे एकाच टायपात, एकाच ठामपणे. त्यातला कुठला किती खरा, हे मात्र ते सांगत नाही, आणि माझी खंत तिथूनच सुरू होते.

कारण मी ज्या काळात वाढलो, त्या काळात मोजणारा माणूस असायचा. आमच्या गावच्या तालमीत पहाटे जोर-बैठका सुरू झाल्या की वस्ताद हौद्याच्या कडेला बसून मोजत. त्यांचं मोजणं म्हणजे नुसती संख्या नव्हती. मांडी पुरती खाली गेली नाही, तर ते आकडा पुढे सरकवतच नसत. ‘एकवीस… एकवीस… एकवीस’ असं तीनदा ऐकू आलं की समजायचं, आपल्या दोन बैठका मातीत गेल्या. पाठ वाकवून मारलेला जोर त्यांच्या हिशेबात नव्हता. आज घड्याळाच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी कमी मोजलं. पण जे मोजलं, ते सगळं खरं होतं.

तालमीत मनगटावर काही बांधायची रीत नव्हती आणि नाही. समजा बांधलंच, तरी जोर मारताना मनगट मागे दुमडतं, घड्याळ कातडीपासून सुटतं, शिरांवरचा दाब बदलतो, आणि ठोके मोजणारा प्रकाश गोंधळतो. बैठकीत पाय राबतात; मनगट मात्र त्यामानाने स्वस्थ असतं. मल्लखांबावर तर हातच शरीराचं वजन पेलत असतात. बाळंभट्टदादा देवधरांपासून चालत आलेली ही विद्या मनगटावरून कशी वाचायची, हे घड्याळापुढचं अवघड कोडं आहे. चालणं आणि धावणं ही त्याची मायभूमी. हात लयीत झुलतो, आतला त्वरणमापक तो झोका ओळखतो, आणि प्रत्येक झोक्यामागे पाऊल आहे असं धरतो.

पावलं मोजण्याबाबत मला नेहमी नैनसिंग रावत आठवतात. कुमाऊंतल्या जोहार खोऱ्यातला हा शाळामास्तर. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडूनला शिकवून तिबेटात पाठवलं. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे, अशी त्यांची तयारी करून घेतली होती; मैलाला सुमारे 2000 पावलं. हातातल्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते. शंभर पावलं झाली की एक मणी ओढायचा. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवायची. 1866च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले, आणि एकंदर सुमारे 1200 मैलांची वाट त्यांनी अशी पावलांनी मोजून आणली. माळ एकदा पुरी फिरली की दहा हजार पावलं होत.

दहा हजार! आज पुष्कळ घड्याळं ज्या आकड्यावर पोचल्याबद्दल थरथरून शाबासकी देतात, तोच आकडा. पण याचा उगम नैनसिंगांच्या माळेत नाही, जपानमध्ये आहे. 1964च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथे चालण्या-फिरण्याची हवा होती. 1965मध्ये यामासा कंपनीने कमरेला लावायचा पेडोमीटर बाजारात आणला आणि दहा हजार पावलं हा आकडा त्याच्या नावातच घातला. त्यामागे दीर्घकाळची वैद्यकीय पाहणी नव्हती. तशी पाहणी पुष्कळ पुढे झाली. 2019मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी 72 वर्षं वयाच्या सुमारे 17,000 अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज 2700च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. 7500च्या पुढे मात्र फायदा फारसा वाढत नव्हता. आणि त्या स्त्रियांची पावलं मोजणारं यंत्र कमरेला होतं, मनगटाला नव्हतं.

कमर आणि मनगट यांतला हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण माझ्या डोळ्यांपुढे माझी आजी येते. पहाटे जात्यावर बसायची. खुंटा धरून अंगातला सगळा जोर लावायची, आणि पाय जमिनीवर पसरलेले. मग विहीर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, एक हात वर धरलेला. त्या हाताला झोका कुठला? बाळाची गाडी ढकलताना किंवा ट्रेडमिलची दांडी धरून चालताना मनगटावरच्या घड्याळाची पावलं गळतात, हे आता सर्वांना माहीत आहे. हंड्याखालच्या हाताचंही तेच. पंढरीच्या वाटेवर डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या बायांच्या मनगटावर घड्याळ बांधलं, तर ते त्यांच्या किती पावलांना पावलं म्हणेल?

आजच्या स्वयंपाकघराची गोष्टही वेगळी नाही. पुष्कळ घड्याळं सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायला सुरुवातच करत नाहीत, कारण एखाद-दुसरा हेलकावा पाऊल समजला जाऊ नये अशी त्यात सोय असते. पण ओट्यापासून फ्रिजपर्यंत तीन पावलं, तिथून देवघरापर्यंत चार, पुन्हा गॅसपाशी दोन, असं दिवसभर चालणाऱ्या बाईच्या हिशेबात ही सोय भोक पाडते. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटर हाकणाऱ्या तिच्या मुलाला बसल्या जागी पावलं मिळालेली मी पाहिली आहेत. मुलगा संध्याकाळी विचारतो, ‘आई, आज एवढीच चाललीस?’ आणि दिवसभर उभी असलेली आई ओशाळते. ते ओशाळणं मला बघवत नाही.

नाडीचं सांगतो. शाळेत पीटीच्या सरांनी आम्हाला मैदानाला फेऱ्या मारायला लावून लगेच मनगटावर दोन बोटं ठेवायला शिकवलं होतं. सर शिट्टी वाजवत, पंधरा सेकंदांनी पुन्हा वाजवत, मग आलेल्या आकड्याला चारने गुणायचं. एक ठोका चुकला की मिनिटाला चारांची चूक, हे गणित आम्हाला तेव्हाच कळलं. चूक किती असू शकते हे मोजणाऱ्यालाच ठाऊक होतं. आपल्याच रक्ताची उसळी आपल्याच बोटांखाली लागायची. त्या स्पर्शाची सर मला अजून कुठल्या पडद्यात सापडलेली नाही.

घड्याळ बोटांऐवजी हिरवा प्रकाश वापरतं. रक्त हिरवा प्रकाश शोषतं; ठोक्याबरोबर रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि त्या चढउतारावरून नाडी काढली जाते. माणूस शांत बसलेला असताना हे काम घड्याळ फार छान करतं, हे मनापासून कबूल केलं पाहिजे. 2017मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात 60 जणांवर सात उपकरणं तपासली, तेव्हा त्यांतल्या सहांची ठोक्यांमधली चूक 5 टक्क्यांच्या आत होती. पण हात हलायला लागला की प्रकाशात हालचालही मिसळते. 2020मधल्या ड्यूक विद्यापीठाच्या पाहणीत हालचालीच्या वेळची चूक विश्रांतीपेक्षा सरासरी 30 टक्क्यांनी जास्त आढळली. धावताना कधीकधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलांची लयच पकडून बसतं, आणि रमतगमत पळणाऱ्याला 170ची नाडी दाखवून घाबरवतं. म्हणून ज्यांना खरोखर नेमका आकडा हवा, ते धावपटू अजूनही छातीला पट्टा बांधतात. तो हृदयाची विद्युत खूण थेट टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने पट्टा आणि घड्याळ ही जोडी 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच आणली होती. आणखी एक: गोंदणाची शाई हा हिरवा प्रकाश अडवते. आजीच्या मनगटावर हिरवं गोंदण होतं.

कॅलरीबद्दल तर मी कठोर आहे. त्याच स्टॅनफर्डच्या तपासणीत खर्च झालेल्या ऊर्जेचा आकडा एकाही उपकरणाला धड काढता आला नाही. सर्वांत बरं उपकरण सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं, सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. याचं कारण साधं आहे. घड्याळ ऊर्जा मोजतच नाही. वय, वजन, उंची, स्त्री की पुरुष, नाडी आणि हालचाल यांवरून ते अंदाज बांधतं. आणि सारख्याच वजनाच्या दोन माणसांची शरीरं एकाच कामाला सारखी ऊर्जा खर्च करत नाहीत. आमच्या तालमीत कॅलरी कुणी मोजली नाही. पैलवानाची भूक, झोप आणि दुसऱ्या दिवशीचं अंग बघून वस्ताद खुराक ठरवत: दूध किती, बदाम किती, आज मेहनत कमी करायची का. आज एखादा मुलगा पडद्यावरच्या ‘412 कॅलरी’ वाचून तेवढंच जेवण वाढवतो किंवा तोडतो, तेव्हा त्याला हात धरून थांबवावंसं वाटतं.

अंतराचं मात्र उलट. तिथे आज खरोखर सुबत्ता आहे. आमच्या मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक पावसाने पुसला जायचा, आणि नव्याने आखताना तो दोरीच्या ताणावर लांबायचा किंवा आखडायचा. वेळेचंही तसंच. 1960च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खासिंग 400 मीटरमध्ये चौथे आले. हातातल्या घड्याळावर त्यांची वेळ 45.6 सेकंद, यंत्रावर 45.73. तेव्हाच्या निष्णात पंचांच्या अंगठ्यालाही एवढा उशीर होई. मे 2000मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाला काही मीटरांपर्यंत आपली जागा कळू लागली. आज खेड्यातली मुलगी बांधावरून पळून आपले पाच किलोमीटर स्वतः मोजू शकते. याचा मला निखळ आनंद आहे.

तरीही मोठ्या शर्यतीनंतर वाद होतात. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये उंच इमारतींवर आपटून आलेले उपग्रहाचे संदेश घड्याळाची रेघ वाकडीतिकडी करतात, शिवाय गर्दीतून वाट काढणारा माणूस सर्वांत आखूड रेषेवर धावतही नाही. मग घड्याळ 42.195पेक्षा जास्त दाखवतं आणि लोक आयोजकांना बोल लावतात. नियमाप्रमाणे मोजलेल्या अशा मार्गामागे सायकल असते! पुढच्या चाकाला बसवलेला जोन्स काउंटर, पोलादी फितीने मापलेल्या अंतरावर आधी तपासून घेतलेला, आणि मार्ग चुकून आखूड पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरलेला. इथेही मोजणारा माणूसच आहे, आणि आपलं माप किती चुकू शकतं हे त्याने आधीच हिशेबात घेतलं आहे.

घड्याळ बनवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच. ‘412’ असं छातीठोक लिहू नका. ‘300 ते 525च्या दरम्यान’ असं लिहा. विश्रांतीच्या नाडीचा आकडा ठळक दाखवा, महिन्यागणिक तो कसा बदलतो ते दाखवा, कारण तिथे तुमचं यंत्र भरवशाचं आहे. आणि पुढच्या चाचणीसाठी फक्त ट्रेडमिलवर धावणारे विद्यार्थी बोलावू नका. ऊसतोडीच्या फडात या, जिथे बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. भातलावणीच्या चिखलात या, जिथे दिवसभर वाकून पाय मागे मागे सरकतात. मनगटभर बांगड्या आणि गोंदण असलेल्या हातांवर तुमचा हिरवा दिवा लावून पाहा, त्याच वेळी कमरेलाही एक यंत्र बांधा, आणि दोन्ही आकडे त्या बाईला वाचून दाखवा.